नऊ गाई, बावीस मेंढरं आणि दहा दिवसांचा पगार

माणगंगाकाठ
सोमवार, रात्री १०:१०

धागा काढायचं कारण शेवटी आहे. आधी आजचा दिवस सांगतो.

पहाटे साडेचारला गोठ्यात गेलो. सहा गाई दुधात, दोन गाभण आटवलेल्या (दूध बंद केलेल्या), एक कालवड. सगळ्या एचएफ, म्हणजे होल्स्टीन जातीच्या. धार काढायच्या आधी प्रत्येक सडाचं पहिलं दूध वाटीत पिळून बघायची सवय आहे. आज चंद्रीच्या मागच्या उजव्या सडातून दह्याच्या कवड्या आल्या. कास गरम, हात लावू देईना, त्या बाजूला दगड झालेला. दुसऱ्या वेताची गाय, एका वेळेला नऊ लिटर देणारी. डॉक्टर यायला अकरा वाजले. दोन इंजेक्शनं, सडात ट्यूब, आणि पाच दिवस दूध डेअरीला घालायचं नाही.

मधल्या वेळात डेअरीवर जाऊन आलो. फॅट ३.६ लागली, पण एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.३. दोन पॉइंट कमी, म्हणून दर खाली. काल ८.५ होती. गाई त्याच, वैरण तीच. तिथं वाद घालून उपयोग नसतो, मागं रांग असते.

घरी आलो तर पेंडीचा टेम्पो दारात. दुकानदार काही बोलला नाही, नुसतं वहीचं पान उलटून दाखवलं. दुपारी कालवड माजावर आली. कृत्रिम रेतनवाला म्हणाला संध्याकाळी येतो. आला नाही. हा तिचा दुसरा माज असा गेला, आता पुढचे एकवीस दिवस ती फुकट खाणार.

या सगळ्यात आमचे नाना, म्हणजे माझे चुलते, बावीस मेंढरं घेऊन नऊला माळावर गेले आणि दिवस मावळताना आले. एक मेंढी रानातच व्याली होती. कोकरू घोंगडीत गुंडाळून खांद्यावर आणलं. मेंढरं वाघरीत (जाळीच्या कुंपणात) घातली, भाकरी खाल्ली, झोपले. ना डॉक्टर, ना टेम्पो, ना एसएनएफ.

आता प्रश्न. नानांचे गुडघे गेलेत. राखायला दुसरा माणूस मिळत नाही. घरात सगळ्यांचं म्हणणं, मेंढरं विका आणि त्या पैशात दोन व्यालेल्या गाई आणा. मलाही ते पटतंय, पण पाऊल उचलत नाही. ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी सांगा.

गोठाधनी
सोमवार, रात्री १०:३२

विकून टाका. दोन डगरींवर हात ठेवून धंदा होत नाही. माझ्याकडे शिरूरला मुक्त संचार गोठ्यात एकवीस गाई आहेत. बांधलेल्या गाईपेक्षा मोकळ्या गाईला पायाचे आजार कमी आणि माज पटकन दिसतो. शिवाय शेण रोज काढावं लागत नाही. तुमच्या नऊच्या बारा झाल्या की पेंड थेट कारखान्यातून उचला, पोत्यामागं शंभर-सव्वाशे वाचतात.

लोणंदची सून
सोमवार, रात्री ११:०५

तुमचा दिवस वाचला. छान लिहिलाय. फक्त शेण कुणी काढलं, वैरण कुणी कापली, भांडी कुणी घासली, वासरांना दूध कुणी पाजलं, हे त्यात कुठंच नाही. गाई आपोआप स्वच्छ होतात का तुमच्याकडे?

आणि नानांचं "भाकरी खाल्ली, झोपले" हेही तसंच. नऊ तास उन्हात चालून आलेला माणूस झोपणारच. त्यांना विचारलंत का, मेंढरं विकू का म्हणून? की धाग्यावर आधी विचारताय?

माणगंगाकाठ
मंगळवार, पहाटे ५:५०

ताई, पटलं. शेण आई आणि बायको काढतात. वासरं बायकोकडे. बायकोनं तुमची प्रतिक्रिया वाचली आणि चहा न विचारता दिला, म्हणजे तुमचे आभार मानलेत असं समजतो.

नानांना अजून विचारलेलं नाही.

निवृत्त पशुवैद्य
मंगळवार, सकाळी ८:१५

चंद्रीबद्दल दोन शब्द. मेंढ्यांचं तुम्ही बघा.

एका सडात गोळे दिसले म्हणजे बाकीचे तीन निरोगी, असं धरून चालू नका. दगडी, म्हणजे कासेचा दाह, दिसायच्या आधी बरेच दिवस आत मुरत असते. त्या काळात दूध नुसतं घटतं आणि एसएनएफ पडते. तुमच्या ८.३ चं उत्तर कदाचित तिथंच असेल, डेअरीच्या मशीनवर नंतर संशय घ्या. घरच्या घरी बघायचं तर कपडे धुवायची पावडर पाण्यात विरघळवून घ्या. चार सडांचं दूध चार वाट्यांत वेगवेगळं घ्या आणि तेवढंच हे पाणी घालून वाटी फिरवा. दूध शेंबडासारखं ताणलं गेलं तर तो सड आजारी. सगळ्या गाईंचं महिन्यातून एकदा करा. खर्च शून्य.

दुसरं, धार काढल्यावर गाय लगेच बसते का? सडाचं तोंड धारेनंतर अर्धा तास तरी उघडं असतं. त्या वेळात ती ओल्या शेणात बसली की जंतूंना आमंत्रण. म्हणून गव्हाणीत वैरण धारेनंतर टाका, ती उभी राहून खाईल. सड औषधाच्या पाण्यात बुडवायचे तेही धारेनंतर. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, वैरण आधी आणि धार खाता खाता.

तिसरं, आटवलेल्या दोन गाईंना आटवताना शेवटच्या धारेनंतर सडात लांब मुदतीच्या ट्यूबा सोडल्या होत्या का? नसतील तर पुढच्या वेळी विसरू नका. पुढच्या वेताची दगडी बऱ्याचदा भाकड काळातच ठरते.

हिशोबी
मंगळवार, दुपारी १:२०

मूळ प्रश्नाला भावनेपेक्षा आकडे बरे. धागाकर्ते, डेअरीच्या दहा दिवसांच्या पगाराचा, म्हणजे दुधाच्या पैशांचा, हिशोब टाका. मेंढरांचा वर्षाचा टाका, कारण त्यांचा पगार दहा दिवसांनी येत नाही.

माणगंगाकाठ
मंगळवार, रात्री ९:४०

मागचा पगार असा: रोज सरासरी ९५ लिटर, दर ३२. दहा दिवसांचे ३०,४०० रुपये. पेंड रोज एक पोतं, १,६५० प्रमाणे १६,५००. डॉक्टर, औषध, रेतन सरासरी १,५००. वीज आणि खनिज मिश्रण ९००. उरले ११,५००. मुरघास (मुरवलेला चारा) घरचा मका कापून केलाय, तो धरला नाही.

मेंढरं: पंधरा माद्या, बाकी नर आणि लहान. माडग्याळ आणि दख्खनी या जातींचा मेळ. गेल्या वर्षात अकरा नर कोकरं ८७,००० ला गेली, दोन म्हाताऱ्या मेंढ्या १५,००० ला. लस, जंताचं औषध, उन्हाळ्यातला मका मिळून खर्च ९,०००. उरले ९३,०००.

हिशोबी
मंगळवार, रात्री १०:२५

मुरघास धरला नाही, हीच मेख. नऊ जनावरं, प्रत्येकी वीस किलो, म्हणजे दिवसाला १८० किलो. तोच मका उभा विकला असता तर किलोला साडेपाच तरी आले असते. दहा दिवसांचे ९,९०० झाले. तुमच्या ११,५०० मधून ते वजा केले की राहतात १,६००. गोठ्यात तुम्ही, आई, वहिनी अशी तीन माणसं राबता. दिवसाला १६० रुपये, तिघांत.

मेंढरांचे ९३,००० भागिले ३६५, म्हणजे नानांना दिवसाला २५५ सुटतात. मजुरीच्या मानानं तेही काही नाही. पण एका माणसाला सुटतात.

गोठाधनी
मंगळवार, रात्री १०:५१

हिशोबी, शेण विसरलात. नऊ जनावरांचं वर्षाचं शेणखत विकत घ्यायला जा, मग कळेल. आणि गोठ्यात जी कालवड तयार होते ती कुठल्या खात्यात? दुधावर गोठ्याचा रोजचा खर्च निघाला तरी बास, नफा शेणात आणि कालवडीत असतो. हे ज्याला कळलं तो टिकला.

हिशोबी
मंगळवार, रात्री ११:०२

मान्य. पण मग त्या कालवडीचे दोन माज वाया घालवू नका.

वाड्यावरचा
बुधवार, रात्री ८:३०

म्या आज लिवतोय. रेंज आत्ता आली, चढावर हाय वाडा, म्हंजे मेंढरांचा तळ.

आमची दोनशे चाळीस मेंढरं, तीन घरांची मिळून. दिवाळी झाली का निघतो, पावसाच्या तोंडाला घरी. तुमच्या नानाचं बावीस म्हंजे आमच्याकडं पोराच्या हातात देत्यात तेवढं. पर बावीसला बी माणूस एक लागतुय आन दोनशेला बी चारच लागत्यात. तुमचा तोटा तिथं हाय. एकतर वाढवा न्हायतर कुणाच्या तरी खांडात, म्हंजे कळपात, मिसळा. आमच्यात अशी लोकांची मेंढरं असत्यात, राखणावळ ठरवून.

"ना डॉक्टर" असं लिवलंय ते वाचून हसू आलं. पहिल्या पावसानं कवळं गवात उगावलं का रातीत चांगली गुबगुबीत कोकरं मरत्यात. सांजचं खेळत असतंय, सकाळी ताठ. आंत्रविषार. मे महिन्यात लस टोचली न्हाय त्याची जून महिन्यात रडारड. आमची तीन वर्षामागं चौदा गेली. ती बी वजनदार, हडकुळं एक न्हाय गेलं.

शेतकरी आधी मेंढरं बसवायला हाका मारायचा. रातभर रानात बसली का लेंडी-मूत जाग्यावर, वर धान्य नायतर पैसं. आता बी बोलावत्यात, पर ऊस झाल्यापास्नं वाट राह्यली न्हाय. कडंला चारा दिसला म्हून एक मेंढी आत गेली का मालक काठी घिऊन उभा. आन ऊसात बिबट्या. लांडग्याला आमी पिढ्यान्‌पिढ्या वळखतो, त्येचा येळ ठरल्याला असतो, कुत्री बी वळखत्यात. बिबट्या वाघरीवरनं उडी मारतुय.

नानाला इचारा. म्हातारा काय म्हंतो ते हितं लिवा.

कोथरूडचा चहा
बुधवार, रात्री ९:१५

शहरी माणसाचा अडाणी प्रश्न. तुम्हाला ३२ मिळतात. माझ्या दारात पिशवी येते ती त्याच्या पावणेदोन पटीच्या आसपास. मधले पैसे कोण खातं?

गोठाधनी
बुधवार, रात्री ९:४०

एक जण खात नाही, सगळे थोडं थोडं खातात. संकलन, थंड करणं, टँकर, पिशवी, वितरक, तुमचा दुकानदार. पण खरी गोम दुसरीकडे आहे. महाराष्ट्रात गाईचं दूध पिशवीत संपत नाही, उरलेल्याची भुकटी आणि लोणी होतं. भुकटीचा भाव पडला की माझा दर पडतो, तुमची पिशवी मात्र तिथंच. २०२४ मध्ये असंच झालं, म्हणून सरकारनं लिटरला पाच रुपये अनुदान दिलं, मग ऑक्टोबरपासून सात. गाईच्या कानात बिल्ला आणि ऑनलाइन नोंद असेल तरच. बिल्ला मारायला माणूस येईपर्यंत माझ्या चार गाईंचं अनुदान बुडालं.

कोथरूडचा चहा
बुधवार, रात्री ९:४६

म्हणजे माझ्या चहाचा भाव भुकटीवर ठरत नाही, तुमचा पगार मात्र ठरतो. धन्यवाद. खिन्न झालो.

लोणंदची सून
गुरुवार, दुपारी २:३०

लम्पीच्या वेळचं सांगते. २०२२ चा पावसाळा. आमच्या दोन गाई गेल्या. एक तिसऱ्या वेताची, पोटात सात महिन्यांचं वासरू. अंगभर गाठी, पाय सुजून खांबासारखे, खाली बसली की उठेना. सासूबाई रात्रभर कडुनिंबाचा धूर करायच्या. जनावरांचे बाजार बंद, त्यामुळे गाय विकून मोकळं होणंही नाही. दूध मात्र चालू होतं, त्यामुळे "लम्पीच्या गाईचं दूध नको" म्हणत रतीब तोडणाऱ्यांना समजावण्यात निम्मा दिवस.

तेव्हा गाईंना टोचलेली लस कुठली माहितीये? शेळ्यांच्या देवीची. एकाच घराण्यातला विषाणू म्हणून. आणि पेंडीवाल्याचे पैसे त्या दोन महिन्यांत मेंढ्यांनी फेडले. आमच्याकडे चौदा होत्या. एक-एक करत नऊ विकल्या. पाच राहिल्या, त्याच्या आता एकोणीस झाल्यात.

हे आकड्यात कसं बसवायचं ते हिशोबींनी सांगावं.

हिशोबी
गुरुवार, दुपारी ३:१०

बसत नाही. विम्याचा हप्ता म्हणून लिहितो फार तर.

फलटणचा मास्तर
गुरुवार, रात्री ८:००

बावीसच ठेवायची असतील तर जात बदलून बघा. आमच्या फलटणला निंबकर संस्थेनं (नारी) "सुवर्णा" मेंढी तयार केली. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ मेंढी अंगानं बारकी, पण जुळी देणारी. तिचा तो गुण आपल्या लोणंदकडच्या दख्खनी मेंढीत उतरवला. एक जनुक आहे, त्याची एक प्रत असली तरी मेंढी बऱ्याचदा जुळी देते. पंधरा माद्यांत अकरा कोकरं विकण्याऐवजी जास्त विकाल. पैशाची अडचण असेल तर राज्य सरकारच्या महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर ७५ टक्के अनुदानावर मिळतात. अर्ज वेळेत केला पाहिजे आणि नंबर लागला पाहिजे, हे आलंच.

वाड्यावरचा
गुरुवार, रात्री ९:२०

मास्तर, जुळी चांगलीच. पर आईला दोघांपुरतं दूध पायजे. माळावरच्या कुसळावर दोन कोकरं जगत न्हाईत. एक आई हुंगून बाजूला सारती, मग बाटली. घरात बसवून चारणाराला सुवर्णा, चालणाराला आमची दख्खनी. आन माडग्याळी राघूनाकाची, ती दिसायला नवरी, बाजारात भाव तिलाच.

फलटणचा मास्तर
गुरुवार, रात्री ९:३५

हे अगदी खरं. जुळ्यांच्या आईला शेवटच्या दीड महिन्यात आणि व्याल्यावर मूठभर मका आणि पेंड लागतेच. लिहायचं राहिलं.

निवृत्त पशुवैद्य
शुक्रवार, सकाळी ७:५०

चंद्री कशी आहे? आणि त्या दोन गाभण गाईंना ऊसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) घालताय का? आत्ता तोडणी चालू, वाढं स्वस्त, म्हणून विचारतो. वाढ्यातलं ऑक्झॅलेट अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. व्याल्याबरोबर गाय थंड पडून मान पोटाकडे वळवून बसली की मग रात्री दोनला डॉक्टरांना फोन. घालायचंच तर थोडं घाला, चुन्याची निवळी शिंपडून घाला.

माणगंगाकाठ
पुढचा शुक्रवार, रात्री ९:३०

उशीर झाला, माफ करा. आठवडा कसा गेला ते सांगतो.

चंद्री वाचली, पण तो सड गेला. आता तीन सडांची गाय. वाटीची परीक्षा सगळ्यांची केली, अजून दोघींच्या एकेका सडात दूध ताणलं गेलं. मशीनला शिव्या घातल्या होत्या त्या परत घेतल्या. वैरण आता धारेनंतर टाकतो. परवा एसएनएफ ८.४ लागली. वाढं चालूच होतं, डॉक्टर. बंद केलं.

नानांना विचारलं. रविवारी संध्याकाळी ते वाघर दुरुस्त करत बसले होते, तिथंच बसलो आणि म्हणालो, नाना, मेंढरं द्यायची का? त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "चार दिली की."

मला कळेना. म्हणून मोजली तर नवं कोकरू सोडून अठरा. मागच्या शनिवारी शेजारच्या पोराच्या पिकअपमधून आटपाडीच्या बाजाराला जाऊन आले होते, आम्हाला वाटलं गुडघ्याचं औषध आणायला गेलेत. चार म्हाताऱ्या मेंढ्या, ३४,००० ला. मी विचारलं, पैसे? तर म्हणाले, पेंडवाल्याला दिले, त्यो पोरगा दारात वही दाखवत होता ते मी बघत हुतो.

दुकानात जाऊन पाहिलं. खात्यावर २९,७०० होते, पूर्ण खोडलेले. खाली दुकानदाराच्या अक्षरात "नाना रोख". उरलेले त्यांनी खरंच गुडघ्याच्या डॉक्टरला दिले म्हणे, आणि थोडे अजून कनवटीला आहेत.

हिशोबी, हे कुठल्या खात्यात मांडायचं ते तुम्हीच ठरवा. मी रात्री आई आणि बायकोसमोर वही उघडून बसलो. ठरलं ते असं: चंद्री आणि दोनदा उलटलेली (रेतन करूनही गाभण न राहिलेली) एक गाय, या दोन विकायच्या. सात जनावरांना मुरघास पुरतो आणि पेंडही कमी लागते. अठरा मेंढरं राहतील. दिवसा नाना बांधाच्या आसपासच फिरवतील, लांब माळावर नाही, आणि वाड्यावरच्यांच्या सल्ल्यानं दिवाळीनंतर पाव्हण्यांच्या खांडात मिसळायची का ते बघू. नाना यावर "बघू" एवढंच म्हणाले, त्यांचं बघू म्हणजे नाही असतं.

कालवड अजून माजावर यायची आहे. यावेळी रेतनवाल्याच्या गावाला मीच गाडी घेऊन जाणार, त्याला मागं बसवून आणणार.

लोणंदची सून
शुक्रवार, रात्री ९:५२

"आई आणि बायकोसमोर वही उघडून" वाचलं. नोंद घेतली आहे.

वाड्यावरचा
शुक्रवार, रात्री १०:१५

चार म्हाताऱ्याच दिल्या, माद्या एक बी तरणी न्हाय दिली. म्हातारा पक्का हाय. वाघर सुताची हाय का नायलॉनची?

माणगंगाकाठ
शनिवार, पहाटे ४:४०

सुताची होती, उंदरांनी कुरतडली. नायलॉनची आणायची म्हणतोय. बिबट्यासाठी किती उंच लावता ते सांगा. गोठ्यात चाललोय, दोनातली एक गाभण रात्रीपासून पाय झाडतीये.